एकच डोंगर, दोनदा : लुईस-क्लार्क मोहिमेतले शिकारी आणि बिघडलेले हवामान

#धागा #इतिहास

१६ सप्टेंबर १८०५. उत्तर अमेरिकेतील बिटररूट पर्वतरांग, आजचे आयडाहो राज्य. उजाडायला तीन तास असतानाच बर्फ पडू लागला होता. तळ हलण्यापूर्वी कॅप्टन विल्यम क्लार्कला डोंगर चढून वर येणारी चार हरणे दिसली. त्यांतल्या एका थोराड नरावर त्याने नेम धरला आणि चाप ओढला. बार उडाला नाही. पुन्हा ओढला. असे सात वेळा झाले आणि हरीण निघून गेले. बंदूक तपासली तेव्हा ठिणगी पाडणारी गारगोटीच सैल झालेली आढळली.

एरवी ही घटना शिकाऱ्यांच्या गप्पांत हसण्यावारी गेली असती. त्या दिवशी मात्र क्लार्कच्या मागे तीसहून अधिक माणसे अर्धपोटी चालत होती. त्यांत एक तरुण आई होती आणि तिच्या पाठीवर सात महिन्यांचे मूल होते. संध्याकाळी तळावर घोड्याचे एक शिंगरू मारण्यात आले. दोन दिवसांपूर्वी एक मारून झालेच होते.

लुईस-क्लार्क मोहिमेची कथा बहुधा नकाशे, नव्या वनस्पती आणि पॅसिफिक महासागराचे पहिले दर्शन या अंगाने सांगितली जाते. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी मिसूरी नदीच्या उगमाकडून पश्चिम समुद्रापर्यंतची वाट शोधण्यासाठी ही तुकडी पाठवली, मे १८०४ मध्ये ती निघाली आणि सप्टेंबर १८०६ मध्ये परतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु रोजनिश्या वाचू लागले की दुसरेच चित्र समोर येते. ही मोहीम म्हणजे अडीच वर्षे चाललेली शिकार होती. पीठ, डुकराचे मांस, मका हा शिधा वाटेत संपणारच होता. पुढचे पोट बंदुकीवर होते. आणि शिकार हवामानावर होती.

बंदुकीवरचा हा विश्वास अनाठायी नव्हता. मिसूरीकाठच्या गवताळ मैदानांत रानगवे, एल्क आणि हरणे यांची रेलचेल होती. (एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही मोठे, भारदस्त हरीण.) जुलै १८०५ मध्ये मेरिवेदर लुईसने हिशेब लिहून ठेवला आहे : तुकडीला चोवीस तास पोटभर खायला चार हरणे, किंवा एक एल्क आणि एक हरीण, किंवा एक रानगवा लागतो. रोज एवढे मांस मिळत होते म्हणूनच तो असा हिशेब मांडू शकला. तुकडीत उत्तम नेमबाज होते. रूबिन आणि जोसेफ हे फील्ड बंधू होते, जॉन कोल्टर होता, आणि या सर्वांच्या वर जॉर्ज ड्रुइयार होता. त्याचे वडील फ्रेंच कॅनेडियन आणि आई शॉनी जमातीची. खुणांच्या भाषेतला दुभाषा म्हणून त्याला घेतले होते, पण मोहिमेचा खरा अन्नदाता तोच ठरला.

सपाट प्रदेशातली ही समृद्धी डोंगराच्या पायथ्याशी संपली.

११ सप्टेंबर १८०५ रोजी तुकडीने आजच्या मोंटाना राज्यातल्या लोलो गावाजवळचा तळ सोडला आणि ती पश्चिमेकडे वळली. सोबत शोशोनी जमातीचा एक वृद्ध वाटाड्या होता. रोजनिश्यांत त्याला ‘टोबी’ म्हटले आहे. नकाशा उघडून पाहिल्यास दिसेल की येथे नदीची घळ इतकी अरुंद आणि उभी आहे की काठाने जाता येत नाही. जुनी पायवाट म्हणूनच डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाते. ही वाट नेझ पर्स लोकांची. ते स्वतःला ‘निमीपू’ म्हणतात. पश्चिमेकडच्या आपल्या गावांतून रानगव्यांच्या शिकारीसाठी पूर्वेकडच्या मैदानांत जाण्याचा त्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग होता. म्हणजे ‘अज्ञात’ प्रदेशात शिरणाऱ्या मोहिमेच्या पायाखाली मळलेली वाट होती. तिचे वेळापत्रक मात्र मोहिमेला ठाऊक नव्हते.

१४ तारखेला पाऊस, गारा आणि वरच्या माथ्यांवर बर्फ असे तिन्ही एकाच दिवशी झाले. त्यात टोबी वाट चुकला आणि तुकडी माथा सोडून खाली नदीपाशी, मासेमारीच्या जुन्या जागेवर उतरली. तिथे पहिले शिंगरू मारले गेले आणि जवळच्या ओढ्याला ‘शिंगरू मारल्याचा ओढा’ असेच नाव पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा माथा गाठताना घोडे घसरून कोसळू लागले. क्लार्कचे लिहिण्याचे मेज वाहणारा घोडा चाळीस यार्ड गडगडत जाऊन एका झाडाला अडला. मेज मोडले, घोडा मात्र वाचला. रात्री माथ्यावर पाणी नव्हते. बर्फ वितळवून स्वयंपाक झाला.

आणि मग सोळा तारखेचा तो बर्फ. सकाळी जुन्या थरावर चार इंच, रात्रीपर्यंत सहा ते आठ इंच. पायवाट पूर्ण बुजली. क्लार्क पुढे चालत होता आणि नेझ पर्स लोकांच्या घोड्यांवरील ओझी घासून झाडांच्या बुंध्यांवर पडलेल्या खुणांवरून वाट ओळखत होता. पायांत कातड्याचे पातळ जोडे, म्हणजे मोकासिन. पाय गोठतात की काय अशी भीती त्याला वाटली. आपण आयुष्यात कधी इतके भिजलो-गारठलो नव्हतो, असे त्याने लिहिले आहे. ज्यांच्यापाशी मोजे नव्हते त्यांनी पायांना चिंध्या गुंडाळल्या. दुपारनंतर क्लार्कने एक शहाणपणाची गोष्ट केली. एका माणसाला घेऊन तो झपाझप सहा मैल पुढे गेला आणि मागून येणाऱ्यांसाठी शेकोट्या पेटवून बसला. अंधार पडता पडता उरलेली तुकडी येऊन पोहोचली तेव्हा निदान विस्तव तयार होता.

पण शिकारी कुठे होते? ते होतेच आणि रोज बाहेर पडत होते. प्रश्न नेमबाजीचा नव्हता. दाट सूचिपर्णी जंगलात झाडांखाली गवत फारसे उगवत नाही, म्हणून मोठी जनावरेही तिथे फार नसतात. बर्फाने उरलासुरला माग पुसला. ज्या शिकाऱ्यांनी मैदानांत रोजचा रानगवा पाडला होता, त्यांच्या हाती येथे रानकोंबड्यांसारखे काही पक्षी लागत होते. लुईसने १८ तारखेला उरलेला साठा मोजला : सुक्या रश्श्याचे काही डबे, थोडे अस्वलाचे तेल आणि सुमारे वीस पौंड मेणबत्त्या. मेणबत्त्यांची गणना अन्नात झाली आहे, कारण त्या चरबीच्या होत्या. अशा ठिकाणी बंदूक आणि ओझ्याचे घोडे यांचाच काय तो आधार, आणि बंदुकीने मारण्यासारखे येथे जवळजवळ काहीच नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

सुक्या रश्श्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. निघण्यापूर्वी लुईसने फिलाडेल्फियात १९३ पौंड ‘नेता येणारा रस्सा’ बनवून घेतला होता. मांस आणि हाडे उकळून, आटवून, घट्ट खळीसारखा केलेला हा पदार्थ गरम पाण्यात विरघळवून प्यायचा. संकटकाळासाठी केलेल्या या तरतुदीने माणसे जगली, पण तो मनापासून कोणी प्यायल्याचे दिसत नाही. एरवी रश्श्याची वेळ असताना शिंगरू मारले जाई, यावरूनच काय ते समजावे.

१८ सप्टेंबरला दोघा नायकांनी निर्णय घेतला. क्लार्क सहा शिकारी घेऊन पुढे जाईल, सपाट प्रदेश गाठेल आणि मिळेल ती शिकार मागच्यांसाठी ठेवील. पहिल्या रात्री त्यांना खायला काहीच मिळाले नाही; मुक्कामाच्या ओढ्याचे नाव त्यांनी ‘भुकेचा ओढा’ ठेवले. दुसऱ्या दिवशी रानात एक मोकाट घोडा सापडला. त्याला मारून त्यांनी न्याहारी केली आणि उरलेले मांस मागच्यांना दिसेल असे टांगून ठेवले. मोहिमेतील सर्वोत्तम शिकाऱ्यांनी त्या डोंगरात केलेली सर्वात मोठी शिकार ही, कोणाचा तरी पाळीव घोडा.

मागून येणाऱ्या लुईसच्या तुकडीतला एक घोडा १९ तारखेला दारूगोळ्याच्या दोन पेट्यांसह जवळजवळ शंभर यार्ड खाली ओढ्यात कोसळला. ओझे उतरवताच तो उठून उभा राहिला आणि वीस मिनिटांत पुन्हा चालू लागला. एवढी आश्चर्यकारक सुटका आपण कधी पाहिली नव्हती, असे लुईस म्हणतो.

२० तारखेला क्लार्क वीआइपच्या माळावर उतरला. नेझ पर्स लोकांनी त्याला वाळवलेले मासे आणि कॅमस नावाच्या वनस्पतीचे कंद खायला दिले. दोन दिवसांनी लुईस आला. उपाशी पोटावर कंदांचा मारा झाल्याने जवळजवळ सर्वच आजारी पडले. शस्त्रे आणि सामान घेऊन आलेली ही दुबळी, आजारी माणसे नेझ पर्स लोक सहज संपवू शकले असते. त्यांच्या मौखिक परंपरेनुसार वाटकुवाइस नावाच्या एका वृद्धेने पाहुण्यांच्या बाजूने शब्द टाकला. पूर्वी दूरदेशी बंदिवासात असताना गोऱ्या माणसांनी तिला चांगले वागवले होते.

तुकडी वाचली. पण हवामानाचा दुसरा धडा समुद्रकिनारी वाट पाहत होता, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट होता.

नोव्हेंबरात मोहीम कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचली आणि वादळाने तिला एका खडकाळ कपारीत जवळजवळ आठवडाभर कोंडून ठेवले. समोरच्या उसळत्या लाटांवरून स्थानिक लोक आपल्या होड्या लीलया हाकत जात होते. इतके कुशल नावाडी आपण पाहिले नाहीत, अशी क्लार्कची कबुली आहे. २४ नोव्हेंबरला हिवाळी मुक्काम कोठे करायचा यावर प्रत्येकाचे मत नोंदवले गेले. त्यांत क्लार्कचा गुलाम यॉर्क याचे मत होते आणि शोशोनी स्त्री सकागविया हिचेही होते. या मतनोंदणीबद्दल आज बरेच लिहिले जाते. मात्र प्रश्न कोणता होता, हे अनेकदा राहून जाते. प्रश्न प्रामुख्याने शिकारीचा होता. नदीच्या दक्षिणेला एल्क भरपूर आहेत असे स्थानिकांनी सांगितले होते. एल्कचे मांस हवे होते आणि त्याहून अधिक कातडे हवे होते, कारण अंगावरचे कपडे पावसात कुजून गेले होते.

दक्षिणेला क्लॅटसप लोकांच्या प्रदेशात लाकडी गढी उभी राहिली. तिला ‘फोर्ट क्लॅटसप’ हे नाव मिळाले. २३ मार्च १८०६ पर्यंतच्या मुक्कामात फक्त बारा दिवस पावसाविना गेले आणि त्यांतही स्वच्छ ऊन सहाच दिवस. सार्जंट पॅट्रिक गॅसने १ डिसेंबर ते २० मार्च या काळातील शिकारीचा हिशेब ठेवला : १३१ एल्क आणि २० हरणे. डोंगरात एक हरीण मिळत नव्हते आणि येथे दिवसाला एकाहून अधिक एल्क पडत होते. तरीही नाताळच्या जेवणात सडके एल्क, सडके मासे आणि थोडे कंद होते. नाइलाज म्हणून खाल्ले, असे क्लार्कने लिहिले आहे.

याचे कारण थंडी नसणे हे होते. मांस टिकण्यासाठी ते गोठावे तरी लागते किंवा वाळावे तरी लागते. क्लॅटसपचा हिवाळा उबदार आणि ओला. हवेत इतकी ओल की रात्रंदिवस धूर धरूनही मांस बिघडे. त्यात एल्क पडे दूरच्या दलदलीत, आणि ते खांद्यावरून किंवा होडीतून गढीत आणण्यात एक-दोन दिवस जात. डिसेंबरच्या मध्यात क्लार्क असेच मांस आणायला गेला असता सारी रात्र मुसळधार पाऊस आणि वाऱ्यात काढावी लागली. माणसांनी ताजी सोललेली कातडी अंगावर ओढून बसूनच बरीचशी रात्र घालवली. काही जण वाट चुकून वेगळीकडेच विस्तवाविना राहिले. पुढचा दिवस म्हणजे आजवरच्या सर्वात वाईट दिवसांपैकी एक, अशी क्लार्कची नोंद आहे. हीच माणसे तीन महिन्यांपूर्वी बर्फात चालली होती, हे लक्षात घेतले की त्या पावसाची कल्पना येते.

उपाय हळूहळू सापडत गेले. मीठ हवे म्हणून पंधरा मैलांवर समुद्रकाठी पाच मोठ्या किटल्या मांडून दिवसरात्र समुद्राचे पाणी आटवले गेले. जानेवारीत आणखी एक बदल झाला. तोवर शिकार आली की ताजे मांस चार पंक्तींत वाटून टाकत, आणि माणसे ते दोन दिवसांत उधळून पुन्हा रिकामी होत. १२ जानेवारीला ड्रुइयारने एकट्याने सात एल्क पाडले. या शिकाऱ्याच्या कष्टांवाचून आपला निभाव कसा लागला असता कोण जाणे, असे लुईसने त्या दिवशी लिहिले. त्यानंतर मांसाच्या पातळ पट्ट्या कापून, आगीवर सुकवून, थोडे थोडे वाटायचे ठरले. शिकार तीच राहिली, वाटणी बदलली. निघण्याच्या वेळेपर्यंत एल्कच्या कातड्यापासून जवळजवळ साडेतीनशे जोड मोकासिन शिवून तयार होते.

पावसात डोके कोरडे ठेवण्याचा उपाय क्लॅटसप स्त्रियांपाशी होता. देवदाराच्या जातीच्या झाडाची साल आणि एक प्रकारचे चिवट गवत यांच्या विणीतून त्या टोप्या बनवत; वीण इतकी घट्ट की पाणी आत येत नसे. दोघा कॅप्टनांनी आपल्या डोक्याची मापे देऊन टोप्या करवून घेतल्या. २२ फेब्रुवारीला त्या आल्या आणि पसंत पडल्या. बाईने सोबत आणलेल्या उरलेल्या सगळ्या टोप्याही त्यांनी विकत घेऊन माणसांना वाटल्या.

एका गोष्टीचे श्रेय मात्र निःसंशय लुईसचे आहे. चकमकीच्या बंदुकीत दारू ओली झाली की शिकारी निःशस्त्र. म्हणून लुईसने निघण्यापूर्वीच दारूसाठी शिशाचे ५२ डबे बनवून घेतले होते. तोंड बुचाने आणि मेणाने बंद. प्रत्येक डब्यात चार पौंड दारू, आणि डब्याचे शिसे आठ पौंड. दारू संपली की डबा वितळवायचा आणि गोळ्या ओतायच्या. प्रमाण असे बेतलेले की आतली दारू आणि बाहेरचे शिसे एकदमच संपावे. १ फेब्रुवारी १८०६ रोजी उरलेले डबे तपासण्यात आले. होड्या उलटून त्यांतले काही तासन्‌तास पाण्याखाली गेले होते, तरीही चांगल्या डब्यांतील दारू भरल्या दिवसाइतकीच कोरडी निघाली. या मोहिमेतील सर्वात सुंदर वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर हा ओबडधोबड डबा पुढे करायला हरकत नाही.

आता परतीचा डोंगर.

मे १८०६ च्या आरंभी तुकडी नेझ पर्स प्रदेशात परतली. समोर बिटररूटची शिखरे पांढरीशुभ्र होती. लोकांनी सांगितले की पुढच्या पौर्णिमेपर्यंत, म्हणजे साधारण १ जूनपर्यंत, डोंगर ओलांडता येणार नाही. काहींनी तर त्याहून उशिराची मुदत सांगितली. तुकडी थांबली. या वेळी डोंगरात शिकारीवर विसंबायचे नाही, एवढे पक्के झाले होते. म्हणून उरलासुरला व्यापारी माल प्रत्येकाला वाटून देण्यात आला, त्याने त्यावर कंदमुळे मिळवायची. माल किती? दर माणशी एक टोचा, विणण्याची एक सुई, अर्धा औंस हिंगूळ, शिवणाच्या दोन सुया, थोडा दोरा आणि यार्डभर फीत. अमेरिकी सैन्याच्या एका तुकडीचे भवितव्य त्या महिन्यात सुईदोऱ्याच्या भावावर ठरत होते.

जून उजाडला तसा धीर सुटू लागला. याच वर्षी घरी पोहोचायचे असेल तर आता थांबून चालणार नाही, असे लुईसला वाटत होते. १५ जूनला ते वाटाड्याविना निघाले. पाऊस पडत होता आणि वाट निसरडी झाली होती. १७ जूनला ते माथ्यावर पोहोचले तेव्हा उन्हाकडे तोंड असलेल्या दक्षिणेकडच्या उतारांवरही बारा ते पंधरा फूट बर्फ असल्याचा अंदाज आला. हातपाय बधिर झाले. बर्फ घट्ट होता आणि घोडे त्यावरून चालू शकत होते. अडचण वाटेची होती. सप्टेंबरात निदान बुंध्यांवरच्या खुणा दिसत होत्या, आता त्याही बहुतांश बर्फाखाली होत्या. रानातल्या वाटा ओळखण्यात ड्रुइयारचा हात कोणी धरला नसता, आणि खुद्द त्यालाच खात्री वाटेना. घोड्यांना चारा मिळेल अशी पुढची जागा वाट न चुकताही पाच दिवसांवर होती.

लुईसने त्या दिवशी मांडलेला हिशेब वाचण्यासारखा आहे. वाट चुकली तर घोडे मरतील. घोडे मेले तर सामान, उपकरणे आणि कदाचित कागदपत्रेही जातील. म्हणजे माणसे जिवंत बाहेर पडली तरी दोन वर्षांचे सारे काम नष्ट होईल. म्हणून घोड्यांच्या अंगात बळ आहे तोवरच परत फिरायचे. सामान आणि कागद फांद्यांच्या मचाणांवर झाकून ठेवले आणि तुकडी मागे वळली. मोहिमेने माघार घेण्याची ही पहिलीच वेळ होती, हे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. माणसे खिन्न झाली, पण त्याला भीती वाटली होती तेवढी नाही. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला.

पराक्रमाच्या याद्यांत हा दिवस सहसा नसतो. वास्तविक सप्टेंबर १८०५ मध्ये मोहीम जगली त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. जून १८०६ मध्ये ती जगली ती या निर्णयामुळे.

ड्रुइयार आणि शॅनन यांना मोबदल्यात बंदूक देऊ करून वाटाडे आणायला पाठवले. २३ जूनला ते परतले. अखेरीस पाच नेझ पर्स तरुण सोबत झाले. २४ जूनला सर्व जण पुन्हा निघाले. पहिल्याच रात्री तळाजवळ या तरुणांनी देवदाराच्या उंच झाडांना आग लावली. खालच्या वाळल्या फांद्यांतून ज्वाळा क्षणात शेंड्यापर्यंत जात आणि अंधारात आतषबाजी केल्यासारखे दिसे. प्रवासासाठी हवा चांगली राहावी म्हणून हे करतात, असे त्यांनी सांगितले. लुईसने ते नमूद केले आणि त्यावर कोणतीही टिप्पणी केली नाही. नऊ महिन्यांपूर्वीचा लुईस कदाचित करता.

२६ तारखेला ते मचाणांपाशी पोहोचले. १७ जूनला तिथल्या एका झाडावर बर्फाच्या पातळीची खूण करून ठेवली होती. तिच्यावरून मोजले असता त्या दिवशीचा बर्फ १० फूट १० इंच भरला. आता तो सुमारे सात फूट होता. नऊ दिवसांत जवळजवळ चार फूट बर्फ ओसरला होता. (बारा-पंधरा फुटांचा आधीचा अंदाज भीतीने फुगवलेला होता, हेही त्या खुणेने सांगितले. मोजमाप करणाऱ्यांनी स्वतःच ते लिहून ठेवावे, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.)

वाटाड्यांनी घाई केली, कारण संध्याकाळपर्यंत चाऱ्याची जागा गाठायची होती. त्यांनी तुकडीला अशा एका उतारावर नेले जिथला बर्फ वितळला होता आणि कोवळे गवत वर आले होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या माथ्यांतून कोणता उतार आधी मोकळा होतो, हे त्यांना ठाऊक होते. २७ जूनला एका उंच जागी दगडांच्या राशीपाशी थांबून त्यांनी चिलीम ओढली. चहूकडे नजर पोहोचेल तिथवर डोंगरच डोंगर होते. वाटाड्यांविना यातून बाहेर पडणे अशक्य आहे, असे लुईसला तिथे पुन्हा एकदा वाटले.

बर्फाचेही रूप बदलले होते. सप्टेंबरातला बर्फ ताजा आणि ओला. त्याने वाट झाकली, कपडे भिजवले, घोडे पाडले. जूनचा बर्फ दबून टणक झालेला. घोड्यांचे खूर त्यात दोन-तीन इंचच रुतत. सप्टेंबरात ज्या दगडांनी आणि आडव्या पडलेल्या झाडांनी पावलोपावली अडवले होते, ते सारे आता या फरशीखाली गाडलेले होते. घसरण्याचा त्रास होतो, पण खडक आणि ओंडके टळल्याने त्याची भरपाई होते, असे लुईसने नोंदवले. ३० जूनला ते पलीकडच्या जुन्या तळावर उतरले. गेल्या वर्षी अकरा दिवसांहून अधिक लागले होते, या वेळी सात दिवसही लागले नाहीत. वाटेत कोणी मेणबत्त्या मोजल्या नाहीत.

तुकडी सप्टेंबर १८०६ मध्ये सेंट लुईसला पोहोचली आणि तिच्या रोजनिश्यांमुळे ही वाट कागदावर आली. पुढे त्या कागदांमागून व्यापारी आले, धर्मप्रचारक आले, सोन्यासाठी आलेली गर्दी आली आणि अखेर नेझ पर्स लोकांची भूमी काढून घेणारे करार आले.

जुलै १८७७ मध्ये लोलोची हीच वाट पुन्हा गजबजली. अमेरिकी सैन्य मागे लागलेले असताना सुमारे ७०० नेझ पर्स स्त्री-पुरुष, मुले आणि वृद्ध दोन हजारांवर घोड्यांसह तिच्यावरून पूर्वेकडे निघाले. जनरल हॉवर्डची फौज पडलेली झाडे कुऱ्हाडींनी तोडत मागून येत राहिली. पूर्वेच्या तोंडाशी सैनिकांनी ओंडक्यांची तटबंदी उभारून वाट अडवली होती. नेझ पर्स लोक बाजूच्या डोंगरधारेवर चढले आणि तटबंदीला वळसा घालून निघून गेले. त्या तटबंदीला स्थानिक वसाहतवाल्यांनीच ‘फुसका किल्ला’ असे नाव दिले.

पुढचे दोन महिने ते कॅनडाच्या दिशेने सरकत राहिले. ३० सप्टेंबरला बेअर पॉ डोंगराजवळ, सीमेपासून सुमारे चाळीस मैलांवर, त्यांना वेढा पडला. तिथे उघडा माळ होता, ऋतूतला पहिला बर्फ पडत होता आणि पांघरुणे पुरेशी नव्हती. ५ ऑक्टोबरला चीफ जोसेफने शस्त्र खाली ठेवले.